चोवीस दिवस, सहा माणसं आणि प्रत्येकाचं एक ‘नको’

फेब्रुवारी उजाडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक ठरावीक तक्रार येऊ लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठा परदेशप्रवास ठरलेला असतो, पैसे जमवलेले असतात, पाहुण्यारावळ्यांत बोलबाला झालेला असतो. आणि घरातलं एक माणूस, बहुतेक वेळा बाईच, झोप उडालेल्या डोळ्यांनी समोर येऊन बसतं. “सगळे म्हणतात, नशीबवान आहेस, मजा कर. मला मात्र नको नको झालंय. माझंच काही बिघडलंय का हो मॅडम?”

याचं उत्तर एका सातारच्या कुटुंबाच्या अनुभवातून देते. त्यांना विचारूनच लिहितेय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेघना शाहूपुरीत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. नवरा संजय एमआयडीसीतल्या कारखान्यात. घरात सासूसासरे, चौदा वर्षांची आर्या आणि आठ वर्षांचा ओम. नणंद कॅनडात कॅलगरीला स्थायिक झालेली, तिच्या आग्रहावरून चोवीस दिवसांचा बेत आखला होता. तो पक्का होत आला तशी मेघनाला रात्री धडधड सुरू झाली. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या म्हटलं. ईसीजी, थायरॉइड, सगळं व्यवस्थित निघालं. मग आम्ही बोलायला बसलो.

पुढच्या वेळी संजय लॅपटॉप घेऊनच आला. एक्सेलमध्ये रोजच्या दिवसाला वेगळा रंग. टोरांटो, नायगारा, ओटावा, मॉन्ट्रियल. तिथून विमानाने कॅलगरी. मग डोंगरातली बॅन्फ, जॅस्पर ही गावं. तिथून गाडीने व्हँकुव्हर, व्हिक्टोरिया आणि परत. अकरा हॉटेलं. मेहनत खरंच कौतुकाची होती, तसं मी त्याला म्हटलंही. मग विचारलं, “ताईंकडे किती दिवस?”

“दोन रात्री. ती काय, आपलीच आहे.”

कॅनडा क्षेत्रफळाने भारताच्या तिप्पट आहे. नकाशावर बोटभर दिसणारं टोरांटो ते कॅलगरी हे अंतर रस्त्याने सुमारे ३,४०० किलोमीटर, विमानातही चार तासांहून जास्त. कॅलगरीहून व्हँकुव्हरला जायचं तर गाडीत दहा-अकरा तास. हे सगळं संजयला ठाऊक होतं, एक्सेलमध्ये लिहिलेलंही होतं. “पण परत कधी जाणार आपण?” या एका वाक्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं. आणि घरात विचारलं की उत्तर एकच: “आमचं काय, तुम्ही न्याल तिकडे येऊ.”

हे उत्तर ऐकायला समजूतदार वाटतं, पण मला त्याची धास्तीच वाटते. असं म्हणणाऱ्याने काहीच ठरवलेलं नसतं. फक्त पुढे बिनसलं तर खापर कुणावर फोडायचं तेवढं ठरतं.

म्हणून मी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि काय बघायचंय हे विचारलंच नाही. प्रत्येकाने आपल्याला काय नको ते एक सांगायचं. कारण द्यायचं नाही, बाकीच्यांनी ते खोडायचं नाही, हसायचं नाही. पहिल्यांदा कुणी तोंडच उघडेना. नाना, म्हणजे सासरे, छताच्या पंख्याकडे बघत बसले.

थोड्या वेळाने नाना म्हणाले, “सूनबाई, जरा खालून चहाचं सांगता का?” मेघना गेल्यावर ते माझ्याकडे न बघता बोलले, “मला प्रोस्टेटचा त्रास आहे. दर तासा-दीड तासाला जावं लागतं. घरात फक्त हिला माहीत.” त्यांनी बायकोकडे नुसती मान वळवली. मुलाच्या एक्सेलमध्ये जॅस्परकडे जाणारा आइसफील्ड्स पार्कवे हा डोंगरातला प्रसिद्ध रस्ता होता. लेक लुईस या तळ्यापासून जॅस्परपर्यंत सुमारे २३० किलोमीटर, म्हणजे सातारा-कोल्हापूर जाऊन येण्याएवढं. वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि पेट्रोल मिळण्याची जागा एकच. नानांनी हे कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलं होतं आणि दोन महिने ते मनातल्या मनात तोच रस्ता कापत होते. शिवाय विम्याच्या फॉर्मवर “बीपी-बिपी लिहू नका, उगाच हप्ता वाढेल” असंही त्यांनी संजयला बजावलं होतं.

इथे मी समुपदेशकाचं काम बाजूला ठेवून स्पष्टच बोलले. पर्यटकाला तिथलं सरकारी आरोग्य संरक्षण मिळत नाही, दवाखान्याचं बिल स्वतःच्या खिशातून जातं. आधीचा आजार लपवला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. हप्ता वाढला तर वाढू दे. गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. कॅलगरीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं, तेव्हा गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या तेही निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नाना बोलले आणि मग बाकीच्यांची गाठ सुटली. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “मला तळी-बिळी नकोत असं नाही, पण लेकीकडे दोन रात्रींसाठी पाहुणी म्हणून जायला नको.” चार वर्षांनी लेक भेटणार होती. आर्याला आजीच्या पलंगावर झोपायचं नव्हतं. “आजी घोरते” म्हणाली, आणि आजीच सगळ्यांत मोठ्याने हसली. नियम तिथेच मोडला, मोडू दिला. ओमला विमानात खिडकी सोडायची नव्हती. त्याचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला.

मेघना मात्र अडली. शेवटी पर्समधून दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. तुळशीला पाणी कोण घालणार, दूधवाल्याला सांगणे, सिलिंडर बंद, आईंच्या चतुर्थीचा साबुदाणा, ओमची उलटीची गोळी, सगळ्यांचे पासपोर्ट कुठल्या खणात, लोणच्याची बरणी सील करून घेणे. पानंच्या पानं. संजयच्या एक्सेलमध्ये यातली एकही ओळ नव्हती. ती म्हणाली, “अकरा हॉटेलं म्हणजे अकरा वेळा सहा जणांच्या बॅगा उघडायच्या आणि भरायच्या. त्या मीच भरणार. मला ते नको.”

संजयने वही चाळली. त्याचा चेहरा पडला, पण त्याचंही एक ‘नको’ राहिलं होतं, ते मी मागून घेतलं. तो म्हणाला, “मला प्रत्येक बिलाला ‘कशाला एवढा खर्च’ हे ऐकायला नको.” नाना पुन्हा पंख्याकडे बघायला लागले. त्यांचं ते वाक्य महाबळेश्वरच्या हॉटेलातही ठरलेलं असतं, हे मला नंतर कळलं.

बेत बदलताना आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती प्रत्येक मराठी कुटुंबाने लक्षात घ्यावी अशी आहे. आपली सुट्टी मे ते जूनच्या मध्यापर्यंत. संजयच्या लॅपटॉपवर लेक लुईसजवळच्या मोरेन तळ्याचा निळाशार फोटो होता. तो निळा रंग येतो हिमनदीने दळलेल्या दगडाच्या बारीक भुकटीमुळे. बर्फ वितळून ती भुकटी पाण्यात उतरते तेव्हा, म्हणजे जूनच्या अखेरीपासून पुढे, रंग भरात असतो. मे महिन्यात लेक लुईस बरंचसं गोठलेलं असू शकतं, आणि मोरेनचा रस्ता साधारण जूनच्या सुरुवातीला उघडतो. तिथे खासगी गाडीने जाताही येत नाही, आगाऊ आरक्षण करून बसने जावं लागतं. म्हणजे १० मे ला डोंगर बघायला निघालेलं कुटुंब मोठा खर्च करून बर्फाची पाटी बघून येणार. उलट जुलै-ऑगस्टपर्यंत थांबायचं तर मुलांची शाळा बुडते, शिवाय त्या दिवसांत वणव्यांचा धूर असतो. २०२४ च्या जुलैत जॅस्पर गावाचा मोठा भाग आगीत जळाला.

मग ठरलं ते असं. मेच्या अखेरीस निघायचं. पूर्वेकडचा भाग पूर्ण वगळायचा. पहिले नऊ-दहा दिवस कॅलगरीला ताईंच्या घरीच. झोपेचं घड्याळ तिथेच सरळ होईल, आई लेकीच्या स्वयंपाकघरात रमतील. त्यानंतर जूनमध्ये बॅन्फजवळ स्वयंपाकघर असलेलं एकच घर भाड्याने, तिथून रोज जाऊन-येऊन फिरायचं. बॅन्फ हे कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८८५ चं. कॅलगरीहून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. गावाची उंची जवळपास महाबळेश्वरएवढीच आहे, हे ऐकून नानांचा दम लागण्याचा धसका कमी झाला. जॅस्परच्या रस्त्याला अर्ध्यापर्यंतच जायचं आणि दर तासाला थांबायचं, तेही “ओमसाठी”. रोजच्या खर्चाचं पाकीट नानांच्या हाती. बॅगा ज्याच्या त्याने भरायच्या, ओमचीसुद्धा आर्याच्या देखरेखीखाली.

मेघनाची धडधड एका बैठकीत थांबली नाही. व्हिसा येईपर्यंत तिला झोपेचा त्रास होताच, त्यावर श्वासाचे व्यायाम आणि रात्री नऊनंतर प्रवासाचा विषय बंद, एवढंच केलं. चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून ओम सोडून सगळे त्यासाठी जाऊन आले. हातात व्हिसा पडेपर्यंत परतावा न मिळणारं कुठलंही आरक्षण करायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगते, यांनाही सांगितलं.

तिथे सगळं सुरळीत झालं असं नाही. रात्री पावणेदहापर्यंत उजेड, त्यामुळे आईंना दिवा कधी लावायचा कळेना. तिसऱ्या दिवसापासून त्या घड्याळ बघून लावू लागल्या. ओमला गाडी लागली. नानांनी पार्किंगच्या पावतीवरून एकदा “कशाला एवढं” म्हटलंच, पण पाकीट त्यांच्याच खिशात होतं, त्यामुळे पुढे काही बोलता आलं नाही.

नायगारा राहिला याची संजयला अजून रुखरुख आहे. व्हिसा मात्र पासपोर्टच्या मुदतीपर्यंतचा मिळालाय. मेघना म्हणाली, “परत न्यायचं तर नेऊ दे. पण आधी त्या एक्सेलमध्ये माझी वही उतरवून घे म्हटलंय.” परवा भेटली तेव्हा संजयची सतरा पानं टाइप करून झाली होती.