व्हीएमला जागा नेमून देताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे व्हीएमवेअर व्हीस्फिअरचा ३ होस्टचा क्लस्टर आहे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या ३ सर्व्हरचा एकत्र गट. डेटाबेसच्या दोन व्हीएम आहेत, एक मुख्य आणि एक तिची जोडीदार. एक होस्ट बंद पडला तेव्हा नेमक्या दोन्ही त्याच्यावरच होत्या. डीआरएस (भार पाहून व्हीएम होस्टांमध्ये वाटणारी सोय) चालू असताना असं कसं झालं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

या दोन व्हीएम एकमेकींच्या आधारासाठी आहेत, हे डीआरएसला कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्याला सीपीयू आणि मेमरीचा भार तेवढा दिसतो. भार नीट बसत असेल तर दोघींना एकाच होस्टवर ठेवण्यात त्याला काहीच वावगं वाटत नाही.

क्लस्टर निवडून 'कॉन्फिगर'मध्ये 'व्हीएम/होस्ट रूल्स' उघडा, 'ॲड' करा आणि 'सेपरेट व्हर्च्युअल मशीन्स' हा प्रकार घेऊन दोन्ही व्हीएम त्यात घाला. नियमाला ओळखू येईल असं नाव द्या. सहा महिन्यांनी 'रूल १' पाहून कुणालाच काही उमगत नाही. डीआरएस पूर्ण स्वयंचलित असेल तर त्याच्या तपासणीच्या पुढच्या फेरीत एक व्हीएम आपोआप हलते. ही फेरी व्हीस्फिअर ७ पासून दर मिनिटाला होते, त्याआधी दर ५ मिनिटांनी व्हायची. मायग्रेशनचा थ्रेशोल्ड (व्हीएम किती सहज हलवायच्या याची पातळी) सगळ्यात सावध पातळीवर असला तरी नियम पाळण्यासाठीची हलवाहलव होतेच. मात्र डीआरएस 'मॅन्युअल' किंवा 'पार्शली ऑटोमेटेड'वर असेल, तर फक्त शिफारस येते. ती मंजूर केल्याशिवाय व्हीएम जागची हलत नाही.

नियम केला म्हणजे धोका संपला असं मात्र नाही. दोन्ही व्हीएमच्या डिस्क एकाच डेटास्टोअरवर (साठवणुकीच्या जागेवर) असतील, तर तो डेटास्टोअर गेल्यावर पुन्हा दोन्ही जातील. हा नियम होस्टपुरताच असतो, स्टोरेजचं त्याला काही कळत नाही. तसंच दोन होस्ट एकाच ब्लेड चेसीमध्ये (अनेक सर्व्हर बसवलेल्या सामायिक पेटीत) असतील तर ते वेगळे होस्ट असूनही एकत्रच बुडतात. तिथे चेसीनुसार होस्टचे दोन गट करून एकेक व्हीएम एकेका गटाकडे द्यावी.

आणखी एक हिशेब करून ठेवा. दोन व्हीएम आणि ३ होस्ट हे ठीक आहे. उद्या तिसरी व्हीएम याच नियमात घातलीत, तर एकही होस्ट मोकळा उरणार नाही. पॅच टाकायला होस्ट 'मेंटेनन्स मोड'मध्ये नेलात की त्याच्यावरची व्हीएम जायला जागाच नसते आणि काम तिथेच अडकून पडतं. नियमातल्या व्हीएमपेक्षा किमान एक होस्ट जास्त हवा. तेवढे होस्ट नसतील तर देखभालीपुरता नियम 'डिसेबल' करा, आणि तो परत चालू करण्याची नोंद कामाच्या यादीतच लिहा. विसरणं होतं ते तिथेच.

प्रश्न : व्हीएमचा एक गट ठरावीक दोन होस्टवरच चालावा असं हवं आहे. 'मस्ट रन' घ्यावं की 'शुड रन'?

'मस्ट' म्हणजे सक्ती, 'शुड' म्हणजे शक्यतो. स्पष्ट कारण नसेल तर 'शुड'. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण 'मस्ट'ची किंमत होस्ट पडेपर्यंत दिसत नाही.

४ होस्ट आहेत, प्रत्येकी २५६ जीबी मेमरी. ३२ जीबीच्या १० व्हीएम, म्हणजे एकूण ३२० जीबी, 'मस्ट'ने दोन होस्टना बांधल्या. रोजच्या दिवशी ५१२ जीबीमध्ये ३२० जीबी आरामात बसतात. आता त्यातला एक होस्ट गेला. 'मस्ट' नियम एचए (पडलेल्या होस्टवरच्या व्हीएम दुसरीकडे सुरू करणारी सोय) सुद्धा मोडत नाही, त्यामुळे उरलेल्या एकाच होस्टवर सगळा भार येतो. व्हीएमना पूर्ण मेमरी रिझर्व्हेशन (राखीव मेमरी) असेल तर हायपरव्हायझरचा (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) वाटा वजा जाता ७ सुरू होतात आणि ३ बंदच राहतात, शेजारचे दोन होस्ट रिकामे असले तरी. रिझर्व्हेशन नसेल तर सगळ्या १० सुरू होतील खऱ्या, पण मागणी वाढली की बलूनिंग (व्हीएमकडून मेमरी काढून घेणं) आणि स्वॅपिंग (मेमरीऐवजी डिस्क वापरणं) सुरू होऊन त्या रांगू लागतील. ॲडमिशन कंट्रोलमध्ये (होस्ट पडल्यास लागणारी क्षमता राखून ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये) २५ टक्के राखून ठेवलेत म्हणून निर्धास्त राहू नका. ते टक्के अख्ख्या क्लस्टरचे असतात, तुमच्या दोन होस्टचे नव्हेत.

'शुड' असता तर एचएने बाकीच्या व्हीएम इतर होस्टवर उभ्या केल्या असत्या, आणि पडलेला होस्ट परत आल्यावर डीआरएसने त्या माघारी आणल्या असत्या.

'मस्ट' योग्य ठरतो तो सॉफ्टवेअरचा परवाना ठरावीक होस्टच्या कोअरपुरताच असेल तेव्हा, किंवा लागणारं हार्डवेअर त्या होस्टवरच असेल तेव्हा. तेव्हाही गटात किमान ३ होस्ट ठेवा आणि त्यातला एक नसताना बाकीच्यांवर सगळं मावतं का, हे कागदावर मांडून पाहा. गटातली नावं आपोआप वाढत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. नवी किंवा क्लोन केलेली व्हीएम हाताने गटात घालावी लागते. परवान्याचा प्रश्न असेल तर हीच चूक महागात पडते.

एक व्हीएम दोन 'मस्ट' नियमांत असेल तर ती दोन्ही होस्टगटांत सामायिक असलेल्या होस्टवरच चालते. सामायिक होस्टच नसेल, तर ती कुठेच सुरू होणार नाही.

प्रश्न : डीआरएस बंद केलं आहे, तरी हाताने व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) करताना काही होस्ट विसंगत म्हणून नाकारले जातात. सीपीयू तर सगळीकडे सारखेच आहेत.

जुना 'मस्ट' नियम तपासा. डीआरएस बंद केल्याने तो जात नाही. बंद करण्याआधी पुसला नसेल तर त्याचा अंमल चालूच राहतो, आणि पडद्यावर मात्र बदलायला सापडत नाही. डीआरएस परत चालू करा (आधी 'मॅन्युअल'वर, म्हणजे उगाच हलवाहलव होणार नाही), नियम पुसा, मग हवं तर बंद करा. डीआरएस बंद करताना रिसोर्स पूलही (सीपीयू आणि मेमरीच्या वाटणीचे गट) पुसले जातात. म्हणून थोडा वेळ हलवाहलव थांबवायची असेल तर बंद करण्याऐवजी 'मॅन्युअल'वरच ठेवावं.

प्रश्न : मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या फेलओव्हर क्लस्टरमध्ये 'प्रिफर्ड ओनर' ठरवूनही व्हीएम दुसऱ्याच नोडवर (होस्टवर) जाते.

जाणारच, कारण ती पसंतीची क्रमवारी आहे, बंदी नव्हे. बंदी हवी असेल तर व्हीएमच्या रिसोर्सवर 'पॉसिबल ओनर्स'मधून नको ते नोड काढा. दोन व्हीएम वेगळ्या ठेवायच्या तर दोघींच्या गटाला 'अँटीॲफिनिटीक्लासनेम्स'मध्ये एकच नाव द्या. तोही मुळात सौम्य नियम आहे. जागा नसेल तर क्लस्टर त्यांना एकत्र ठेवतो.

प्रश्न : प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवण्याची आणखी एक प्रणाली) ८ वरून ९ वर गेल्यावर एचए ग्रुप दिसेनासे झाले.

त्यांचे नियम झाले. सगळे नोड ९ वर आले की जुने ग्रुप आपोआप 'नोड ॲफिनिटी' नियमांत बदलतात. नोडपुढचा आकडा जितका मोठा तितकी पसंती जास्त. 'स्ट्रिक्ट'वर खूण केलीत तर यादीबाहेरच्या नोडवर व्हीएम जाणार नाही, यादीतले सगळे नोड बंद असले तरीही. व्हीएम एकत्र किंवा वेगळ्या ठेवण्यासाठी 'रिसोर्स ॲफिनिटी' आहे, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. हे नियम एचएच्या ताब्यातल्या व्हीएमनाच लागू होतात. नियम लिहिला पण परिणाम दिसत नाही, अशा वेळी ती व्हीएम एचएमध्ये घातली आहे का ते आधी पाहा.