पवईला मेटलर्जी की सांगलीत कॉम्प्युटर? आयआयटीच्या नावाइतकं तिथलं बी.टेक. असतं का?

तुझा प्रश्न असा: तू विट्याची, वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. पवईच्या आयआयटी मुंबईला मेटलर्जी (धातुशास्त्र) मिळेल अशी रँक आली आहे, इकडे सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर मिळतंय. आणि तू विचारतेस की आयआयटीचं एवढं जे नाव आहे, तेवढं तिथलं बी.टेक. खरोखर असतं का.

मी मिरजेचा. पवईत नाही, दुसऱ्या एका जुन्या आयआयटीत शिकलो आणि आता सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. इथून पवईला गेलेली मुलं सुट्टीत भेटून जातात, त्यामुळे तिकडचं बरंच कानावर असतं.

वर्गातलं शिकवणं नावाएवढं असेलच, असं धरून जाऊ नकोस. सोबतची मुलं मात्र नावापेक्षाही सरस भेटतील. माझ्या मते निर्णय या दोन गोष्टींवर करायचा असतो, पण आपल्याकडे घरोघरी फक्त पॅकेजवर बोलणं होतं.

शिकवण्याबद्दल असं का म्हणतो, ते सांगतो. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी, १०० गुणांची असते. त्यात अध्यापन आणि साधनांना ३०, संशोधनाला ३०, पदवीच्या निकालांना २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मताला १०. अध्यापनाच्या त्या ३० मध्येसुद्धा किती मुलांमागे किती प्राध्यापक, त्यांतले पीएच.डी. किती, खर्च किती, असल्याच गोष्टी प्रामुख्याने मोजतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तास कसा झाला हे कोणी बघत नाही. आयआयटीत प्राध्यापक निवडतानाही संशोधनाला मोठं वजन असतं. मला काही शिक्षक असे भेटले की आजही त्यांच्यासारखं शिकवायचा प्रयत्न करतो, पण असे प्रत्येक विषयाला भेटत नाहीत. पहिल्या वर्षी गणित, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग हे विषय बहुतेक शाखांना सारखेच असतात आणि मोठ्या हॉलमध्ये शेकडो मुलं एकत्र बसतात. थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक विश्रामबागेतल्या वालचंदच्या लायब्ररीत जे आहे तेच पवईतही आहे. नुसती लेक्चरच हवी असतील तर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहेत, विट्यात बसून फुकट ऐकता येतात.

मग एवढ्या लांब जायचं कशाला? सोबतीसाठी. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत कोणी ऑलिंपियाड करून आलेली असते, पलीकडची रात्री दोनला रोबोटचं सर्किट जोडत बसलेली असते. मेसच्या टेबलावर एखाद्या गणितावरून सुरू झालेला वाद कॉरिडॉरमध्ये तासभर चालतो. आपण आपोआप जास्त मेहनत करायला लागतो, कारण आजूबाजूला तेच चाललेलं असतं. दुसरी गोष्ट प्राध्यापकांच्या लॅबची. तिथली उपकरणं आणि तिथे चाललेलं काम हेच त्या नावामागचं खरं भांडवल आहे. बी.टेक.च्या मुलांना तिथे उन्हाळ्यात काम करता येतं, पण कोणी बोलवायला येत नाही. दुसऱ्या वर्षीच ईमेल लिहायचा, उत्तर नाही आलं तर जाऊन दार वाजवायचं. मी पाहिलं आहे, ज्यांनी हे केलं त्यांना आयआयटी नावाइतकी मिळाली. बाकीच्यांना एक चांगलं इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं.

आता मेटलर्जी. तुझ्या प्रश्नातलं 'मेटलर्जीच मिळतंय' हे वाचून मला वाईट वाटलं, कारण हा विषय तुझ्या घरातला आहे. खानापूर-आटपाडीची माणसं देशभरातल्या सराफ कट्ट्यांवर गलाई करतात. जुन्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून वितळवतात, मग नायट्रिक अॅसिडमध्ये उकळतात, चांदी विरघळते आणि सोनं तळाशी राहतं. चांदी तिप्पटच का, कमी घातली तर अॅसिड आतपर्यंत का पोचत नाही, हे तुझ्या वडिलांना हातांनी माहीत आहे. त्याचं कारण मेटलर्जीत शिकवतात. बॅटरीतलं लिथियम, सेमीकंडक्टर, विमानाच्या इंजिनाची पाती, हे सगळं याच शाखेत येतं. विषयाची पुस्तकं चाळून बघ. ओढ वाटली तर पवई, त्यात मला शंका नाही. आणि मन कोडिंगमध्येच असेल तर नुसत्या नावासाठी चार वर्षं नावडत्या विषयात काढू नकोस. वालचंद १९४७ पासूनचं कॉलेज आहे, तिथलं कॉम्प्युटर म्हणजे पडती बाजू अजिबात नाही. पुढे शाखा बदलून मिळेल या भरवशावर तर जाऊच नकोस, ते नियम बदलत असतात.

आपल्या भागातल्या मुलांना पहिलं सेमिस्टर जड जातं, तेही सांगून ठेवतो. जेईई मेन २०२१ पासून मराठीतून देता येते, अॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत, आणि तिथलं शिकवणं सगळं इंग्रजीत. शाळेत कायम पहिली आलेली मुलगी पहिल्या परीक्षेत वर्गाच्या मध्यावर येते. ग्रेड बहुतेक ठिकाणी इतरांच्या तुलनेत मिळते, त्यामुळे चांगला पेपर जाऊनही धक्का बसतो. सीनियर मेंटर नेमून दिलेले असतात, त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात बोल. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा आहेत, तरी वर्गात साधारण पाचात एकच मुलगी असते. घरून निघताना हे माहीत असलेलं बरं.

फीचं वडिलांना नीट सांग. ट्यूशन फी वर्षाला दोन लाख दिसते, पण कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ होते, एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ होते. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आताच काढून ठेव.

जोसाच्या, म्हणजे आयआयटीच्या जागा वाटणाऱ्या प्रवेशप्रक्रियेच्या फेरीत पवईची मेटलर्जी लागली आणि तीच हवी असेल तर 'फ्रीझ' कर. पवईच हवी, पण तिथली वरच्या पसंतीची शाखा मिळाली तर घ्यायची असेल तर 'स्लाइड'. 'फ्लोट' केलंस तर यादीत वर लिहिलेली दुसरी संस्थाही लागू शकते, म्हणून जिथे जायचंच नाही ते नाव यादीत वर टाकू नकोस. वालचंदसाठी राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्यांचा (कॅपचा) अर्ज वेगळा असतो, पवईचं पक्कं होईपर्यंत तोही चालू ठेव. रँक आणि प्रवर्ग कळवलास तर यादीचा क्रम लावायला मदत करतो.