स्टेजवर न दिसणाऱ्या एव्हा स्मिथवर उत्तरात काय लिहू?

पात्र एकदाही स्टेजवर येत नाही मग लिहायचं काय, हाच प्रश्न ना? प्रीस्टलींच्या ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकातल्या एव्हाबद्दल इथे नाशिकला माझ्या क्लासमधली पोरं “ती बिचारी गरीब मुलगी” एवढं लिहून मोकळी होतात, आणि मार्क तिथेच जातात.

आधी हे बघ की तिच्याबद्दल बोलतंय कोण. कारखानदार बर्लिंग, त्याची मुलगी शीला, तिचा होणारा नवरा जेराल्ड, मुलगा एरिक, बायको मिसेस बर्लिंग, सगळी खात्यापित्या घरची, आणि प्रत्येक जण स्वतःला सोयीचं तेवढंच सांगतो. एव्हाच्या आत्महत्येची चौकशी करायला आलेला इन्स्पेक्टर तिचा फोटोसुद्धा एका वेळी एकालाच दाखवतो, त्यामुळे फोटोतली मुलगी एकच होती का यावर शेवटी वाद घालता येतो. तिचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो दुसऱ्यांच्याच तोंडून, हा पॉइंट लिहीच.

मग ती काय करते ते शोध. बर्लिंगच्या कारखान्यात आठवड्याला साधारण साडेबावीस शिलिंग मिळायचे, मुलींनी २५ मागितले, संप केला, आणि संपात पुढे होती म्हणून बर्लिंगने हिला काढलं. इथल्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत घरातलं कुणी कंपनीत असेल तर हे वेगळं समजवावं लागत नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे पोटात एरिकचं मूल, हातात दमडी नाही, तरी त्याचे पैसे चोरीचे आहेत कळल्यावर ती घ्यायला नाही म्हणते, उलट मदत मागायला गेली तर तिथे धर्मादाय कमिटीत बसलेल्या मिसेस बर्लिंग तिलाच खोटारडी ठरवतात (ही बाई मला वाचताना सगळ्यात जास्त डोक्यात जाते). या प्रसंगावर एक अख्खा पॅराग्राफ खर्च कर, नाटक घडतं तो १९१२ चा काळ वगैरे दोन ओळीत उरकलास तरी चालेल.