ईएमजीचा आकडा उतरला, म्हणजे बिघडलं का?

प्रश्न : गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांची पोटावरची पिशवी आता निघाली आहे. शौचावर ताबा यावा म्हणून फिजिओथेरपी चालू आहे. मागच्या वेळी ईएमजीत (गुदद्वाराभोवतीचे स्नायू आवळताना उठणारे विजेचे संकेत मोजणाऱ्या चाचणीत) 18 मायक्रोव्होल्ट आले होते, या वेळी 11. काळजीचं आहे का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. इलेक्ट्रोड (संकेत टिपणारी, त्वचेला चिकटवायची चकती) थोडा सरकला, जेल सुकलं, त्वचा तेलकट असली तरी आकडा बदलतो. मोठा आकडाही फसवा असतो. श्वास रोखून कुंथलं किंवा नितंब आवळले की शेजारच्या स्नायूंचे संकेत त्यात मिसळतात. म्हणून पोटावर इलेक्ट्रोडची दुसरी जोडी लावायला सांगा. पडद्यावर पोटाच्या संकेतांची रेघ जवळजवळ सपाट राहून गुदद्वाराजवळची उठली, तर ते आकुंचन खरं.

चाचणी दर वेळी त्याच स्थितीत, त्याच क्रमानं हवी : 60 सेकंद विश्रांती, 5 झटपट आकुंचनं, मग 10 सेकंदांची 5, मध्ये तेवढीच विश्रांती. आमच्या मते शिखरापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दहा सेकंद रेघ टिकते का आणि सोडल्यावर पटकन खाली येते का. ती वरच अडकत असेल तर आणखी आवळायला लावून उपयोग नाही. आधी सैल सोडणं शिकवावं लागतं. (रेघेवर एकसारखी बारीक थरथर दिसली तर ती बहुधा विजेच्या 50 हर्ट्झची. जवळचा चार्जर काढा.)

गुदद्वारातून आत घालायचा प्रोब (संकेत टिपणारी कांडी) मात्र आतड्याचा जोड भरल्याचं सर्जननी सांगितल्याशिवाय नको. तोवर बाहेरून चिकटवायचे इलेक्ट्रोड पुरतात. शौचाच्या खेपा आणि किती मिनिटं थोपवता येतं, हेही रोज लिहा. रक्त दिसलं तर थेट सर्जनकडे जा.