गाईला भात, सशाला खुराक, मांजराला दूधभात

प्रश्न : लग्नात उरलेला भात आणि जिलेबी गाईंना घातली. दुसऱ्या दिवशी एक गाय बसूनच राहिली. रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबूस. तेच खाल्लेली कुत्री मात्र ठणठणीत. असे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कुत्रा भात स्वतःच्या पाचकरसांनी पचवतो. गाईने खाल्लेले आधी कोठीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यातल्या, जिवाणूंच्या हाती पडते. मोठ्या गाईच्या कोठीपोटात १०० लिटरहून जास्त माल मावतो. त्याचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ६ ते ७ च्या आसपास राहतो, तो लाळेमुळे. लाळेत बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडाच असतो. कडबा रवंथ करताना गाय दिवसाला १०० लिटरच्या घरात लाळ गिळते.

भाताला ना चावावे लागते, ना रवंथ करावी लागते. लाळ घटते आणि पिष्ट झपाट्याने आंबते. सामू ५.५ च्या खाली गेला की चाऱ्यातले तंतू पचवणारे जिवाणू मरू लागतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे माजतात. हे आम्ल अंगातले पाणी कोठीपोटात ओढून घेते. म्हणून पोट डचमळते आणि डोळे खोल जातात. आम्ल रक्तात उतरले की गाय झोकांड्या खाते, खाली बसते. वाचलेली गाय पुढे खुरांना सूज येऊन लंगडूही शकते.

डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ दाबून धरा. निरोगी गाईत दोन मिनिटांत दोन-तीनदा कोठीपोटाची हालचाल हाताला लागते. ती थांबली असेल तर पशुवैद्याला लगेच बोलवा, सकाळपर्यंत थांबू नका. तोवर उरलेले अन्न आणि खुराक हलवा, सुका कडबा पुढे ठेवा. पाणी मनसोक्त पिऊ देऊ नका, थोडे थोडे दाखवा. ताक पाजू नका, ते आंबटच आहे. जीभ ओढून, मान उंच करून काहीही ओतू नका. ते फुफ्फुसात गेले तर दुसरेच दुखणे मागे लागते.

एरवीही खुराक वाढवायचा तर दोन-तीन आठवडे घेऊन थोडाथोडा वाढवावा. जिवाणूंना जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न : आमचा ससा पहाटे स्वतःचीच लेंडी तोंडाने घेऊन खातो. जंत झाले असतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, खाऊ द्या. ही लेंडी वेगळी असते : मऊ, चकचकीत, घोसासारखी चिकटलेली. ससाही चारा जिवाणूंकडूनच आंबवून घेतो, पण आंधळ्या आतड्यात, म्हणजे लहान आतडे संपल्यानंतर. तिथे तयार झालेली प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे नीट शोषली जायची तर माल पुन्हा तोंडातूनच यावा लागतो.

मऊ लेंड्या पिंजऱ्यात तशाच पडून राहू लागल्या तर काळजी करा. बहुधा गोळीखाद्य जास्त होत असते. नाहीतर ससा इतका लठ्ठ झालेला असतो की तोंड तिथवर पोचत नाही. दात किंवा पाठ दुखत असेल तरी असेच होते. आहारात चार पंचमांशाहून जास्त सुके गवत हवे, गोळीखाद्य किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत पुरे. सशाचे दात वर्षाला १० सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, ते गवतानेच झिजतात. १२ तास काही खाल्ले नाही तर दवाखाना गाठा.

प्रश्न : घर शाकाहारी आहे. मांजर दूधभातावर राहील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. मांजराच्या शरीरात टॉरिन हे गरजेचे पोषकद्रव्य पुरेसे तयार होत नाही आणि गाजरातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्वही बनवता येत नाही. दोन्ही प्राणिज अन्नातून घ्यावी लागतात, टॉरिन मुख्यतः मांसातून. टॉरिन कमी पडले की डोळ्याचा पडदा खराब होतो. हृदय फुगून कमकुवत होते ते याच कारणाने, हे १९८७ मध्ये उघड झाले. कुत्र्याचे तयार खाद्यही मांजराला चालत नाही. मांजराचे संपूर्ण आहार असलेले खाद्य आणा. अधूनमधून उकडलेले चिकन देत असाल तर त्याचे पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरते.