माझा रक्तगट ‘ए’ आहे. उतारवयात हाडे ठिसूळ होण्याचा धोका त्यामुळे वाढतो का?

नाही, रक्तगटावरून उतारवयातील हाडांची मजबुती किंवा अस्थिभंगाचा धोका ठरवता येत नाही. ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठात विकसित झालेली आणि २००८ पासून जगभर वापरली जाणारी ‘फ्रॅक्स’ ही गणनपद्धती पुढील दहा वर्षांतील अस्थिभंगाची शक्यता काढताना वय, लिंग, वजन, उंची, पूर्वी मोडलेले हाड, आईवडिलांपैकी कोणाचे खुब्याचे हाड मोडले होते का, धूम्रपान, मद्यपान, ऱ्हुमॅटॉइड प्रकारचा संधिवात आणि स्टेरॉइडचा वापर (तोही नेमका: रोज किमान ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, तीन महिने वा अधिक) अशी बारकाईने विचारणा करते, त्या यादीत रक्तगट नाही. एक गोष्ट मात्र खरी आहे: ‘ओ’ गटाच्या तुलनेत इतर गटांच्या व्यक्तींमध्ये रक्त गोठवणारी काही प्रथिने अधिक असल्याने शिरांत गुठळी होण्याचा धोका थोडा जास्त असतो, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला महत्त्व येते, पण तो प्रश्न रक्ताचा आहे, हाडांचा नव्हे. हाडांविषयी शंका असल्यास डेक्सा, म्हणजे हाडांची घनता क्ष-किरणांनी मोजणारी तपासणी करून घ्यावी. तीत टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांच्या घनतेशी तुलना दाखवणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली आल्यास अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा विकार) मानली जाते, मग रक्तगट कोणताही असो.