जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पीटर ग्रुनबर्ग यांना नोबेल नेमकं कशासाठी मिळालं?

थोडक्यात सांगायचं तर लोखंड आणि क्रोमियमच्या पातळ थरांसाठी.

डार्मश्टाटमधून १९६९ साली पीएचडी, मग कॅनडात काही काळ आणि १९७२ पासून जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रात. पुढचं जवळजवळ सगळं काम तिथेच झालं. १९८६ मध्ये त्यांच्या गटाला दिसलं की लोखंडाच्या दोन थरांमध्ये क्रोमियमचा अगदी पातळ थर ठेवला, तर दोन्ही लोखंडी थरांचं चुंबकत्व एकमेकांच्या उलट दिशेला वळतं. अशा वेळी इलेक्ट्रॉन जास्त विखुरतात, कारण त्यांच्या स्पिनची (इलेक्ट्रॉनला अगदी छोट्या चुंबकासारखं वागवणारा अंगभूत गुणधर्म) दिशा कुठल्यातरी एका थराशी जुळतच नाही. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून दोन्ही थर एका दिशेला आणले की विद्युतरोध उतरतो. हाच १९८८ चा ‘जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स’. ग्रुनबर्ग यांच्या नमुन्यात फरक जेमतेम दीड टक्का होता! त्याच सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर फेर यांनी अनेक थर रचून, अतिशीत तापमानात, रोध जवळपास निम्म्यावर आणला. म्हणून २००७ चं नोबेल दोघांना विभागून.

माझ्या मते ग्रुनबर्ग यांची खरी हुशारी लगेच पेटंट घेण्यात होती. १९९७ पासून हार्ड डिस्कच्या रीड हेडमध्ये, म्हणजे डिस्कवरची माहिती वाचणाऱ्या भागात, हेच तंत्र आलं.